वस्तीतल्या ताईची वही आणि बालसंगोपनाची फाईल

मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी शहरापासून वेगळा झाला. वांद्र्यापासून एकीकडे दहिसर, दुसरीकडे मुलुंड, एवढा त्याचा पसारा आणि तालुके फक्त तीन: अंधेरी, बोरिवली, कुर्ला. घाटकोपर, भांडुप, मुलुंड हे सगळं कुर्ला तालुक्यात मोडतं. नकाशावर हे सुटसुटीत दिसतं. पण दहिसरच्या केतकीपाड्यात राहणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एखाद्या विधवा बाईला मुलासाठी सरकारी मदत मिळवायची असली, तर उत्पन्नाचा दाखला बोरिवली तहसीलचा लागतो, अर्ज चेंबूरला जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यावा लागतो आणि मूल घेऊन जावं लागतं मानखुर्दला, बालकल्याण समितीपुढे. म्हणजे अंधेरी आणि वडाळा अशा दोन ठिकाणी गाडी बदला. प्रत्येक फेरीला कामावर एक खाडा. तीन खाडे झाले की त्या चार घरांपैकी एक घर सुटतं.

गरिबांच्या मुलांसाठी सरकार काहीच करत नाही, ही तक्रार मुंबईत तरी पूर्ण खरी नाही. महापालिकेच्या शाळेत वह्या, दप्तर, गणवेश, बूट, रेनकोट धरून २७ वस्तू फुकट मिळतात. अंगणवाडी आहे, पोषण आहार आहे, खाजगी शाळांत २५ टक्के जागा राखीव आहेत, पालक गमावलेल्या मुलाला दरमहा पैसे देणारी योजना आहे. नाही ते एवढंच, की या सगळ्याचं दार उघडून देणारं, फेऱ्या मारणारं, एक कागद परत आला तर दुसरा आणून देणारं माणूस त्या कुटुंबाकडे नसतं. हे काम वस्तीतली एखादी ताई करते. कसं करते, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

ताई म्हणजे नेमकं कोण? अंगणवाडी सेविका असू शकते, महापालिकेची आरोग्य स्वयंसेविका असू शकते, एखाद्या संस्थेची कार्यकर्ती असू शकते, किंवा बचतगट चालवणारी, दहावी-बारावी शिकलेली, तोंडाने खमकी अशी गल्लीतलीच बाई. महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम मांडलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा साधा हिशोब होता. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रालाही नाव अंगणवाडी हेच मिळालं. मुंबईच्या झोपडपट्टीत अंगण कुठलं! १९९४ मध्ये माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी युनिसेफ आणि महापालिकेच्या साथीने ‘प्रथम’ सुरू केली. तिच्या बालवाड्या भरल्या त्या कुणाच्या राहत्या खोलीत, देवळात, मंडळाच्या कार्यालयात. शिकवणारी मुलगी त्याच वस्तीतली. जागेचं भाडं नाही, येण्याजाण्याचा खर्च नाही, आणि मूल आलं नाही तर का आलं नाही हे तिला विचारावं लागत नसे, आधीच ठाऊक असे.

हे ठाऊक असणं हीच ताईची खरी मालमत्ता आहे. सरकारलाही ते जमत नाही. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर शाळाबाह्य मुलांचं एका दिवसाचं सर्वेक्षण झालं. मोजलेल्या मुलाच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली गेली. त्या दिवशी जे मूल आईबरोबर कामावर गेलं होतं, गावाला गेलं होतं किंवा बाहेरून कुलूप लावलेल्या खोलीत होतं, त्याच्या बोटाला शाई कोण लावणार? एका दिवसात मोजता येतं ते दिसणारं मूल. न दिसणारं मूल कळायला त्याच गल्लीत राहावं लागतं.

आता एक उदाहरण धरू. कुटुंब काल्पनिक आहे, पण असं घर उपनगरातल्या कुठल्याही डोंगरउतारावर सापडेल. मुलुंडच्या अमरनगरात वरच्या अंगाला एक भाड्याची खोली. नवरा नाक्यावर उभा राहून मिळेल ते बिगारीकाम करायचा, गेल्या पावसाळ्यात वारला. बायको मुलुंड पश्चिमेच्या इमारतींत पोळ्या लाटते. मूळ गाव जालना जिल्ह्यात, रेशनकार्डही तिथलंच. मुलं तीन: मुलगी बारा वर्षांची, मुलगा आठ, धाकटा तीन.

ताईला हे घर सापडतं कसं? कुणी अर्ज करत नाही. ती बघते, की सकाळी अकराला, शाळेच्या वेळेत, मोठी मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन किराणा दुकानाच्या पायरीवर बसलेली असते. अशा खुणा बऱ्याच आहेत. शिकवणीची फी थांबते. राखीपौर्णिमेच्या आधी दीड-दोन महिने घरात राख्यांचे गठ्ठे येतात आणि मुलं एकाएकी अंगणात दिसेनाशी होतात. मालाडच्या बाजूला इमिटेशन दागिन्यांचं काम घरोघरी चालतं, तिथे मुलींची बोटं डिंकाने चिकट आणि डोळे लाल. लसूण सोलायच्या गोण्या. घरात नवा पुरुष येऊन राहिलेला. बोलकं पोर अचानक गप्प झालेलं. यातली एक खूण म्हणजे पुरावा नव्हे, पण वहीत नोंद करायला पुरे.

ती वही साधी दोनशेपानी असते. डाव्या पानावर घर: मुलांची नावं, वय, शाळा, वर्ग, घरी कोण सांभाळतं. उजव्या पानावर तारीख आणि त्या दिवशी ठरलेलं एकच काम. ‘२० तारखेला मृत्यूदाखला आणणार.’ पुढच्या भेटीत पहिला प्रश्न त्याचाच. अनेक संस्थांनी आता मोबाईलवर ॲप दिलं आहे, ते आकडे वर पाठवायला ठीक. पण माझं मत विचाराल तर वहीला पर्याय नाही, कारण ॲपच्या चौकटीत ‘सासू खाष्ट, सासरा ऐकतो’ असं लिहायला जागा नसते, आणि काम होतं ते या ओळीमुळे.

पाच वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत आणखी एक साधन लागतं: दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी. मुलाचा डावा हात सैल सोडायचा. खांदा आणि कोपर यांच्या बरोब्बर मधोमध पट्टी गुंडाळायची, आवळायची नाही, ढिलीही ठेवायची नाही. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आलं की लाल, म्हणजे मूल तीव्र कुपोषित. साडेअकरा ते साडेबारा पिवळं. त्याच्या वर हिरवं. ही मोजणी सहा महिने ते पाच वर्षं या वयासाठी. शिवाय दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने दोन-तीन सेकंद दाबून बघायचं. खळगा तसाच राहिला तर ती सूज कुपोषणाची असू शकते आणि मग पट्टी हिरवं दाखवत असली तरी दवाखाना गाठायचाच. पट्टी लाल आली की आईला रागवायचं नाही, ‘काय खायला घालतेस गं याला?’ असं तर मुळीच म्हणायचं नाही. मूल नीट जेवतं का, की ताटासमोर बसून मान फिरवतं, एवढं विचारायचं. भूक मेलेलं मूल त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचं असतं.

घरात पहिलं पाऊल टाकायचं केव्हा, यालाही शास्त्र आहे. पाणी यायच्या वेळी कुणाच्या दारात जाऊ नये. डोंगरावरच्या वस्त्यांत पाणी तास-दोन तास येतं आणि तेवढ्या वेळात बाईला कुणाशी बोलायला सवड नसते. सकाळ कामाची. दुपारी दोन ते चार ही वेळ बरी, बायका पहिली कामं उरकून येतात आणि पुरुष बहुधा घरी नसतात. हातात फाईल नको. छापील फॉर्म पाहिला की माणसं जपून बोलायला लागतात. आणि पहिल्या भेटीत पैशाचं नाव काढायचं नाही, देण्याचंही नाही आणि मिळवून देण्याचंही नाही.

आईच्या मनात मात्र एक प्रश्न आधीपासून असतो, कधी ती विचारते, कधी नाही: ‘ताई, माझी पोरं उचलून नेणार नाहीत ना?’ याचं उत्तर न विचारताच द्यावं. २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो, की मुलाची पहिली जागा त्याचं कुटुंब, आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. गरिबी आहे म्हणून मूल काढून घेत नाहीत. उलट मूल घरातच राहावं म्हणून पैसे देतात. हे नीट पटलं, की मग पत्र्याची पेटी उघडते.

पेटीतल्या कागदांवर बाकी सगळं अवलंबून असतं. म्हणून इथे जरा थांबू.

आपल्या उदाहरणातल्या आईला लागू होणारी योजना म्हणजे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. आई किंवा वडील वारले आहेत, दोघंही नाहीत, घटस्फोट झाला आहे, एकाने टाकून दिलं आहे, कुणी दुर्धर आजारी आहे, तुरुंगात आहे, अशा घरातल्या अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी ती आहे. एकेकाळी तिची रक्कम मुलामागे महिना ४२५ रुपये होती, मग १,१०० झाली, २०२३ मध्ये २,२५०. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाची वेगळी तरतूद आहे, महिना ४,०००. पण तिथे शहरी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ९६,००० रुपयांच्या आत लागतं. आपल्या मुलाला कोणती बसेल, हे जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारून घ्यावं, गल्लीतल्या सल्ल्यावर जाऊ नये.

कागद असे: अर्ज, वडिलांचा मृत्यूदाखला, मुलांचे जन्मदाखले, आईचं आणि मुलांचं आधार, रहिवासी पुरावा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँक पासबुक, घरासमोर उभं राहून काढलेला कुटुंबाचा फोटो. यादी वाचायला अर्धं मिनिट लागतं, जमवायला महिने. मृत्यूदाखला मृत्यू जिथे झाला त्या ठिकाणचा मिळतो. मुंबईतल्या रुग्णालयात झाला असेल तर त्या भागाच्या महापालिका विभाग कार्यालयात, मुलुंडचं ते टी वॉर्ड, घाटकोपरचं एन. गावाला नेल्यावर वारला असेल तर ग्रामपंचायतीत. जन्म-मृत्यूची नोंद २१ दिवसांत विनाशुल्क होते आणि वर्ष उलटून गेलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही. म्हणून दुःखाच्या घरी बाराव्या दिवसापर्यंत कुणीतरी ‘नोंद केलीत का?’ हे विचारणं निष्ठुरपणाचं नाही, मोठी मदत आहे.

मग नावांचा घोळ. मृत्यूदाखल्यावर ‘अशोक’, आधारवर ‘अशोकराव’, मुलाच्या शाळेत ‘आशोक’. खिडकीवरचा कारकून म्हणतो, ही तीन माणसं झाली. ताई अर्ज भरण्याआधी सगळे कागद एका ओळीत मांडते आणि प्रत्येकावरचं नाव, जन्मतारीख, आडनावाचं स्पेलिंग बोट ठेवून वाचते. दुरुस्ती शाळेत करायची, आधार केंद्रावर की वॉर्डात, हे आधी ठरवते, कारण चुकीच्या टोकापासून सुरुवात केली तर दुरुस्त केलेला कागद पुन्हा दुरुस्त करावा लागतो. मुलाचं आधार लहानपणी काढलेलं असेल तर पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात. ते राहून गेलं असेल तर बाकीचं सगळं अडतं.

बँकेतही एक गोम आहे. बाई सांगते, ‘आधार लिंक आहे.’ पण खात्यात आधार क्रमांक नोंदलेला असणं वेगळं आणि सरकारी पैसे कुठल्या खात्यात पडावेत याची आधारवरची जोडणी वेगळी. दोन बँकांत खाती असतील तर पैसे ज्या खात्याची जोडणी शेवटची झाली तिकडे जातात, मग ते खातं बंद पडलेलं का असेना. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेसाठी बँकांपुढे रांगा लागल्या, तेव्हा पुष्कळ बायकांच्या खात्यांची ही जोडणी झाली. राजकारण काहीही असो, त्याचा फायदा आता मुलांच्या अर्जांना होतो. मुलाच्या नावाचं खातं लागतं की आईचं चालतं, हे मात्र आधी विचारून घ्यावं.

ज्यांची पेटीच गेली, त्यांचं काय? डिसेंबर २०१५ मध्ये कांदिवली पूर्वेच्या दामूनगरला आग लागली, सिलिंडर फुटत गेले आणि शेकडो झोपड्या जळाल्या. जुलै २०१९ मध्ये मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत कोसळली. अशा वेळी भांडीकुंडी लोक आणून देतात, पण जन्मदाखला आणि गुणपत्रिका कुणी आणून देऊ शकत नाही. म्हणून पावसाळ्याआधी, मे महिन्यात, शहाण्या ताया गल्लीतल्या प्रत्येक घरच्या कागदांचे फोटो त्या-त्या घरच्या मोबाईलमध्ये काढून ठेवायला लावतात. त्या-त्या घरच्या, स्वतःच्या नव्हे. मूळ कागद ताईने एक रात्रसुद्धा आपल्याकडे ठेवू नयेत, कितीही विश्वास असला तरी.

जातीच्या दाखल्याबद्दल एक परिच्छेद पुरेल, पण तो लागतोच. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. जालन्याहून आलेल्या कुटुंबाला तो जालन्यातच मिळणार, आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात. गावाला जत्रेला किंवा लग्नाला जाणं होणार असेल, तर ताई चिठ्ठीवर लिहून देते: कोणत्या शाळेत जायचं, कोणाच्या नावाचा उतारा मागायचा. नुसता दाखल्यासाठी प्रवास कुणाला परवडत नाही.

फाईल पूर्ण झाली की ती चेंबूरला जाते. तहसीलबाहेर आणि कार्यालयांच्या आसपास ‘काम करून देतो’ म्हणणारे भेटतात. अर्जाला शुल्क नाही, हे आईला चारचौघात, शेजारणीही ऐकतील असं सांगून ठेवावं. त्यानंतर सामाजिक कार्यकर्ती घरी येऊन चौकशी करते. घर खरंच तिथे आहे का, मुलं खरंच आईजवळ राहतात का, शाळेत जातात का. या भेटीच्या दिवशी आई कामावर असेल तर अहवाल लांबतो, म्हणून फोन नंबर चालू ठेवणं हेही एक काम. मग तारीख मिळते आणि मुलांना घेऊन मानखुर्द गाठायचं. तिथे बालकल्याण समिती बसते: एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यांत एक तरी महिला. न्यायालयासारखे अधिकार असले तरी हे न्यायालय नव्हे, काळे कोट नाहीत. मुलाशी प्रेमाने बोलतात. तरी आठ वर्षांचं पोर बुजतं. त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवावं: ‘तिथल्या काकू तुला शाळेचं नाव विचारतील, मित्राचं नाव विचारतील. खरं सांग. चुकलं तरी चालेल.’ पढवून नेलेलं मूल ओळखायला समितीला वेळ लागत नाही.

समितीचा आदेश निघाला की मदत सुरू होते. दर महिन्याच्या एक तारखेला पैसे पडतील, असं ताईने चुकूनही म्हणू नये. अनुदान आलं की काही महिन्यांचं एकदम जमा होतं. आईने त्या भरवशावर कर्ज काढलं तर मदतीचाच फास होतो. आणि आदेशाची मुदत वहीत लाल शाईने लिहावी, कारण नूतनीकरण विसरलं तर सगळा प्रवास पुन्हा.

पैशाने मुलगी शाळेत परत जात नाही. ती घरी का बसली, हे तिच्या कडेवर आहे: तीन वर्षांचा भाऊ. म्हणून आधी त्याची अंगणवाडी. अंगणवाडी काही तासच चालते, आई मात्र दुपारी उशिरा येते. मधल्या वेळाला शेजारची आजी, किंवा मुलगी सकाळच्या पाळीत आणि भाऊ दुपारपर्यंत मामीकडे, असा काहीतरी मेळ ताईला बसवावा लागतो. ही जुळवाजुळव कुठल्याही शासननिर्णयात नाही आणि माझ्या मते सगळ्यात जास्त मुली शाळेत परत येतात त्या हिच्यामुळेच. शाळेत नाव घालताना मुख्याध्यापकांनी ‘दाखला आणा, वर्ष अर्धं झालंय’ म्हटलं, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची आठवण करून द्यावी, नम्रपणे. वयाचा पुरावा नाही, जुन्या शाळेचा दाखला आला नाही किंवा वर्ष अर्धं झालं, या कारणांनी प्रवेश नाकारता येत नाही. मुलीला तिच्या वयाच्या वर्गातच बसवायचं.

पण वयाच्या वर्गात बसवलं तरी तिला वाचता येत नाही, त्याचं काय? याचं उत्तर मुंबईने जगाला दिलेलं आहे. ‘प्रथम’ने १९९८ मध्ये महापालिका शाळांत बालसखी नावाचा उपक्रम सुरू केला. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं, शाळेच्या चार तासांतले दोन तास, आणि शिकवायला वस्तीतलीच माध्यमिक शाळा शिकलेली तरुणी. तिला दोन आठवड्यांचं प्रशिक्षण आणि महिना ५०० ते ७५० रुपये. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात याची शास्त्रीय तपासणी केली, निबंध २००७ मध्ये छापून आला. मुलांची प्रगती पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी दुप्पट दिसली आणि सर्वांत मोठा फायदा सगळ्यात मागच्या मुलांना झाला. पुढे २०१९ मध्ये बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच अभ्यासातली कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी, की मदत थांबल्यावर वर्षभरात फायदा बराच ओसरला. म्हणजे ताईचं काम एका मोसमाचं नाही.

खाजगी शाळेतल्या राखीव जागांचे ऑनलाइन अर्ज बहुधा जानेवारीच्या सुमारास सुरू होतात आणि सोडत निघते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून ही वाट जवळजवळ बुजवली होती, मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल त्याच वर्षी जुलैत रद्द केला. वस्तीतल्या मुलांची अडचण मात्र तीच राहिली. पत्त्याचा दुसरा पुरावा नसेल तर नोंदणीकृत भाडेकरार लागतो आणि खोलीचा मालक तो करून द्यायला तयार नसतो.

आता ताईने काय करू नये, तेही स्पष्ट सांगायला हवं. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, नुसता दाट संशय आला, तरी २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चाळ कमिटीत बसून मिटवामिटवी करणं गुन्ह्याला हातभार लावणं आहे. मुलाला खोदून खोदून प्रश्न विचारू नयेत. जेवढं त्याने आपणहून सांगितलं तेवढं त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावं, बाकी विचारणं प्रशिक्षित माणसांचं काम. मुलाचं नाव, फोटो, शाळा, गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं हाही गुन्हाच. हरवलेलं किंवा एकटं सापडलेलं मूल मायेपोटी घरी ठेवून घेऊ नये. चोवीस तासांच्या आत १०९८ ला, पोलिसांना किंवा बालकल्याण समितीला कळवावं लागतं. १०९८ ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली. २०२३ पासून ती सरकारी यंत्रणा चालवते. क्रमांक तोच आहे, फोन फुकट आहे.

एवढं सगळं करणाऱ्या बाईला मिळतं काय? अंगणवाडी सेविकेला पगार नाही, मानधन. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ राज्यातल्या सेविका-मदतनीस त्यासाठी संपावर होत्या. महापालिकेच्या आरोग्य स्वयंसेविका वर्षानुवर्षं किमान वेतनासाठी भांडत आल्या आहेत. संस्थांच्या कार्यकर्त्या निधी संपला की दुसरीकडे जातात आणि त्यांच्याबरोबर दोनशे पानांची ओळखही जाते. बालसख्याही टिकत नसत, म्हणून त्यांचं प्रशिक्षण मुद्दाम थोडक्यात आणि एकसारखं ठेवलं होतं. सेवाभाव म्हणून कौतुक करायला सगळे तयार असतात. कौतुकाने लोकलचा पास निघत नाही.

आता वाचकांनो, तुमच्यासाठी. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथल्या इमारतींत राहणाऱ्यांकडे दोन गोष्टी असतात, ज्या डोंगरावर नसतात: लॅपटॉप-प्रिंटर आणि रविवारची दुपार. जवळची अंगणवाडी शोधा, तिथल्या ताईंना विचारा, की कुठले अर्ज अडलेत. फॉर्म भरून द्या, कागद स्कॅन करून द्या, नावांची स्पेलिंगं तपासा. पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना मुलाच्या कामासाठी तहसीलला किंवा मानखुर्दला जायचं असेल, तर त्या दिवसाचे पैसे कापू नका. जुने कपडे आणि खेळणी मात्र नकोत, ती त्यांच्याकडे पुष्कळ येतात.